ड्रायव्हरच्या शेजारची जागा

छत्रीबाग, इंदूर
४ ऑगस्ट १९५३

गजानन यास,

मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहायचे असतात, म्हणून लिहिते. अनेक आशीर्वाद. झालं.

हे पत्र बाबांनी सांगितलेलं नाही. माझं मी लिहिते आहे, आणि त्यांना कळवायचं नाही. तू पुण्याला गेल्यापासून तुझी सगळी पत्रं त्यांच्या नावाने येतात आणि ती वाचून दाखवायची वेळ माझ्यावर येते, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. ‘शशीताईस नमस्कार’ एवढं मी गाळते. कारखान्यात साहेबाने तुझी पाठ थोपटली वगैरेही गाळायला बघते, पण म्हातारा वस्ताद आहे. ‘साहेब काय म्हणाला, ते राहिलं वाटतं,’ म्हणून लगेच विचारतो.

काम असं आहे, की बाबांचा लाकडी कंपास परत पाठव. स्टेशनवर गाडी सुटताना त्यांनी तुझ्या हातात दिला तो. मी स्टेशनवर आले नव्हते, पण शेडमधल्या तुकोजीने घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं : ‘दादासाहेबने खुद्द स्वतःचा कंपास दिला हो ताईजी, डोळ्यांत पाणी होतं.’ पुरुषभर लांबीच्या दांड्यावर दोन सरकती टोकं, असा तो कंपास धरून फरशीवर खऱ्या मापाची वर्तुळं काढायला मी तुझ्याआधी शिकले होते. तू तेव्हा नुकताच आमच्याकडे आला होतास, आत्या, तुझी आई, गेल्यावर, आणि रात्री माझ्या आईच्या कुशीत निजत होतास. तेव्हाही जागा माझीच गेली होती. असो. तिथे तुमच्या कारखान्यात विलायती अवजारं असतील. लाकडाच्या दांडक्याचं तू काय करतोस? भिंतीला टांगून पाया पडतोस?

इथे मला त्याची गरज आहे. शेडमधली जीप पुन्हा कामाला काढली आहे. तीच, जहागीरदारांची, लढाईनंतर लिलावात घेतलेली. जहागिरी गेल्या तेव्हा त्यांनी काम अर्धवट टाकून दिलं आणि गाडी आमच्याकडे पडून राहिली. ती आता डॉक्टर भानुमतीबाईंनी विकत घेतली आहे. बाई बेटम्याच्या पलीकडच्या खेड्यांत बाळंतपणं करत फिरतात, स्वतः गाडी हाकतात. अडलेली बाई जीपमध्ये घालून इंदूरला आणायची म्हणजे काय, ते त्यांनी बाबांना सांगितलं. ‘दत्तोपंतजी, नांगरटीतून निघेपर्यंतच ती पोर निम्मी होऊन जाते. पुढची चाकं म्हणजे नुसता दगड आहे हो. आणि मऊ करून द्याल तर धार रोडवर सीधी पण चालली पाहिजे. मी काही बैलगाडी नाही चालवत.’

म्हणजे बाबांना जे जन्मभर करायचं होतं, तेच. पुढचे पाटे, त्या थरांच्या कडक पट्ट्या, काढून टाकायचे. अ‍ॅक्सल दोन लांब दांड्यांनी मागे चासीला धरायचा, त्यावर वेटोळ्या स्प्रिंगा बसवायच्या, आणि अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा. आईसाठी मागवलेल्या चष्म्याच्या खोक्यावर त्यांनी त्याचं चित्र काढलं होतं, ते तुला माहीत आहे. ऐकल्याबरोबर ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, ‘गजानन असता तर!’

मी समोर उभी होते, गजानन. हातात चहाचा कप होता.

कंपास पाठव.

शशिकला

२३ ऑगस्ट

गजानन,

कंपास नाही, उत्तरही नाही. ठीक आहे. मी तारेने काम भागवलं. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला खडू, आणि फरशीवर सगळा जीपचा पुढचा भाग खऱ्या मापात आखून काढला. शाळेत पोरींना कमळं आणि मोर काढायला शिकवून आल्यावर संध्याकाळी रोज हेच. तुकोजी म्हणतो, ‘ताईजी, फरशीवर चालायला पण जागा नाही उरली, हवेत उडू का?’

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, नाहीतर माझं पोट दुखेल. चासीवर तुझे दोन ठिपके अजून आहेत. टोकदार लोखंडी पंचाने ठोकलेले, डावीकडे एक, उजवीकडे एक, दांड्यांची मागची टोकं जिथे बसवायची तिथे. पन्नास साली त्या दिवसांत मी पण आखत होते, आठवतं का? मी आखणी पुरी केली आणि तू म्हणालास, ‘राहू दे शशीताई, उद्या मी नीट काढतो.’ दुसऱ्या दिवशी मला धारला दाखवायला नेलं. मुलाच्या आईने मला चालून दाखवायला सांगितलं आणि माझे काळे तळवे पाहून विचारलं, घरात मोरी घासायला बाई नाही का. परत आले तर फरशी धुतलेली, चासीवर तुझे ठिपके, आणि बाबा येईल त्याला सांगत होते, ‘पोराने काय नेमकी जागा काढली!’ बडा गणपतीच्या पुजाऱ्यालासुद्धा सांगून आले. पुजाऱ्याला काय कळतं रे त्यातलं?

तेव्हापासून बाबांच्या डोक्यात ते ठिपके म्हणजे ब्रह्मवाक्य. परवा मला म्हणाले, ‘दांडे गजाननच्या खुणेवरच बसव. तिथे आपली अक्कल लढवू नकोस.’

मी ‘बरं’ म्हणाले.

आणि तिथे बसवणार नाही. मी भोकं चांगली वीतभर पुढे घेते आहे. कारणं आहेत. दांडे आखूड झाले की वजन कमी, चिखल लागायला जागा कमी, ब्रॅकेटही सोपा. स्टेअरिंगच्या दांड्याचं मी बघितलंय. तो आहे तितकाच लांब राहतो आणि माझे दांडे त्याहून थोडे आखूड होतात, पण एवढा फरक चालून जाईल. ही कारणं मी तुला लिहिते आहे म्हणजे तू समजशील की खरं कारण वेगळं आहे. खरं कारण तू आहेस. तुझ्या ठिपक्यांवर गाडी चालली तर ती तुझी गाडी होणार. मी फक्त भोकं पाडणारी.

रस्त्यावरच्या पाटीवर अजून ‘दत्तोपंत आणि गजानन, मोटर दुरुस्ती’ असंच आहे. तू जाऊन दोन वर्षं झाली, पण बाबा रंगारी बोलवू देत नाहीत. त्यावरून आपलं भांडण झालं होतं. तू म्हणाला होतास, ‘मी कुठे सांगितलं होतं माझं नाव घालायला?’ नव्हतं सांगितलंस. तुला कधीच काही सांगावं लागत नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

मला तुझा हेवा वाटतो. लिहून टाकलं एकदाचं.

शशिकला

१३ सप्टेंबर

गजानन,

काम जोरात आहे. वेटोळ्या स्प्रिंगा मिळाल्या, राजवाड्याच्या जुन्या गराजातून मोडीत निघालेल्या एका अमेरिकन मोटारीच्या. तुकोजीने ओळखीवर आणल्या. पलटणीतल्या दिवसांपासूनच्या त्याच्या ओळखी इंदूरच्या प्रत्येक कुलपापर्यंत पोचतात. ब्रॅकेट मी पुठ्ठ्याचे कापून दिले, त्याने पत्र्याचे केले. पाटे काढून बाजूला टाकले तेव्हा जीपचं तोंड दात काढलेल्या म्हातारीसारखं दिसायला लागलं आणि बाबा तिच्या जबड्यात हात घालून चाचपत बसले. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटं अजून तीच आहेत. मी त्यांना मागच्या टोकापर्यंत जाऊ दिलं नाही. म्हटलं, तिथे ग्रीस आहे, धोतर खराब होईल. धोतराची काळजी त्यांनी आयुष्यात कधी केली नाही, पण ऐकलं.

डॉक्टरबाई मध्येमध्ये येऊन बघून जातात. त्यांना गाडी दसऱ्याच्या आत हवी आहे. एका गावातल्या बाईचे दिवस भरत आलेत, पहिली दोन पोरं वाटेतच गेली, आणि ती दसऱ्याच्या सुमाराला अडणार हे बाईंना आत्ताच दिसतंय. तिच्या नवऱ्याला त्यांनी वचन दिलंय की या खेपेला तिला जीपमध्ये फुलासारखी आणीन.

तर आता पहिल्या फेरीचा प्रश्न आला. आपली रीत तुला सांगायला नको. ज्याचं काम, त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. चूक निघाली तर आधी त्याचं डोकं काचेवर आपटू दे, असं बाबांचं म्हणणं. राजवाड्याच्या गराजात नोकरीला होते तेव्हाही त्यांनी हेच चालवलं. आजवर बाबा हाकायचे आणि शेजारी तू. मी फाटकात, हातात हळदकुंकवाचं ताट. आधी आई धरायची, मग मी. गाडी पुढे गेली की धूळ ताटात. कितीतरी गाड्यांची चित्रं मी काढली, आखणी मी केली, आणि कितीतरी वेळा ती धूळ मी निरांजनावरून फुंकरली. तू वळून हात हलवायचास. तो हात मला दिसला की वाटायचं, ताट फेकून मारावं.

माझा बेत सांगते, कारण तो दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. फेरी नीट झाली, बाबा खूश झाले, ‘गजाननच्या ठिपक्यांची कमाल’ असं एकदा त्यांनी म्हणून घेतलं, की मी त्यांचं बोट धरून माझ्या भोकांवर नेणार. मग तुझ्या रिकाम्या ठिपक्यांवर नेणार. बोलणार काहीच नाही.

हे मी रोज झोपण्याआधी मनात करून बघते. फार गोड लागतं.

शशिकला

२७ सप्टेंबर

गजानन,

काल फेरी झाली.

आधी जागेचं सांगते. डॉक्टरबाई स्टेअरिंगवर बसल्या. जीपचं स्टेअरिंग डावीकडे, म्हणून शेजारची जागा उजवीकडे. मी पदर खोचून तयार होते. बाबांना धरून आणलं तर ते सरळ मागच्या बाकावर चढले, तुकोजी त्यांच्या बाजूला. मी उजवीकडे पाय ठेवला तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘ती जागा रिकामी राहू दे.’

डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘का हो? शशिकला बसेल ना. इतकी मेहनत केली तिने.’

बाबा म्हणाले, ‘मेहनत केली खरी. पण काम गजाननचं आहे. तो नाही, तर जागा रिकामी जाईल. शशी, तू ताट घेऊन ये.’

मी ताट आणलं. ओवाळलं. माणूस नसलेल्या सीटला ओवाळलं मी, गजानन. कुंकू सांडलं ते तसंच राहिलं गादीवर. त्या वेळी जर तू खरंच तिथे असतास तर मी तुला काय केलं असतं, ते देव जाणे.

गाडी गेली आणि फार लवकर परत आली. पुढचा मडगार्ड चेपलेला, डॉक्टरबाई पांढऱ्याफटक. तुकोजीने सांगितलं तसं लिहिते : ‘सडकेवर एकदम लोण्यासारखी होती ताईजी. पण खड्डा आला ना, तर चक्का बाईंच्या हातातून आपोआप फिरला. जसं कुणी अंदरून ओढलं. एक चाक वर, तर गाडी उजवीकडे. खाली, तर डावीकडे. बेटम्याच्या अलीकडे बाभळीला भिडलो. थोडी और वेगात असती तर रामनाम सत्य होतं.’

मला लगेच कळलं. पाळण्याच्या एका बाजूच्या दोऱ्या आखूड केल्या तर झोका देताना पाळणा तिरका होतो, तसंच. माझे दांडे आणि स्टेअरिंगचा दांडा एकाच लांबीचे नाहीत, एका जागेवरून झुलत नाहीत. चाक वर गेलं की एक जण त्याला इकडे ओढतो, दुसरा तिकडे. तारेने आखताना मला ते दिसलं होतं. ‘चालून जाईल’ असं तुलाच लिहिलं होतं मी.

आणि ऐक, हे कुणाला सांगू नकोस. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. जागा तुझी होती ना? मग बाभूळही तुझीच.

बाबा खाली उतरले. मला विचारलं, ‘खुणेवरच बसवलं होतंस ना?’

मी ‘हो’ म्हणाले.

ते ओट्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे पोरगं चुकलं.’ असा आवाज मी त्यांचा आई गेली तेव्हासुद्धा ऐकला नव्हता. मी जेवायला वाढलं तर भात चिवडून उठले. जाताना म्हणाले, ‘त्याला पत्रात लिहू नकोस हं शशी. परक्या गावात एकटा आहे. मनाला लावून घेईल.’

माझ्या चुका त्यांनी कधी अशा झाकल्या? माझी एक रेघ चुकली तर ते तुकोजीसमोर, गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवायचे. आणि तुझी चूक, जी तुझी नाहीच, ती पोटात घालून उपाशी झोपले.

मला हवं होतं ते झालंय. तू त्यांच्या मनातून उतरलास. मला वाटलं होतं, तिथे मग मला जागा होईल. तिथे नुसता म्हातारा बसलाय.

डॉक्टरबाई जाताना एवढंच म्हणाल्या, ‘दसऱ्यापर्यंत सरळ झाली तर ठीक, नाहीतर पाटे परत बसवून द्या. मी ती पोर अशा गाडीत नाही टाकणार.’

तू काही लिहीपर्यंत मी तुला लिहिणार नाही.

शशिकला

८ ऑक्टोबर

गजानन,

पार्सल पोचलं. चिठ्ठी नाही, मजकूर नाही, गोणपाटात शिवलेला कंपास. मी शेडमध्येच उसवलं, बाबा आत निजले होते.

पहिला राग आला की एवढ्या बोंबा मारल्या तेव्हा पाठवला नाही आणि आता पाठवतोय, गाडी बाभळीवर गेल्यावर. मग हातात घेतला. सरकवायचा स्क्रू घट्ट होता. तुझी सवय मला माहीत आहे, काम झालं की तू सगळं मोकळं करून तेल लावून ठेवतोस. हा मोकळा केलेला नव्हता. आणि स्क्रूच्या खाली निळ्या कापडाची घडी दाबलेली.

ती माझी रिबीन आहे. पन्नास सालची. स्क्रू ढिला होता, माप सरकत होतं, म्हणून मी वेणीतली काढून कात्रीने कापून खाली कोंबली होती. तू हसला होतास, ‘शशीताईचं इंजिनिअरिंग’ म्हणून. ती तिथेच आहे. कुणी हात लावलेला नाही. तिच्या कडेला माझा खडूही अजून लागलेला आहे.

मी गाडीखाली गेले. कंपासचं एक टोक अ‍ॅक्सलवर दांड्याच्या पुढच्या पिनेवर ठेवलं. दुसरं टोक आपल्या आपण तुझ्या ठिपक्यात जाऊन बसलं. उजवीकडे तसंच. मग स्टेअरिंगच्या दांड्यावर लावून बघितलं. तेच माप.

मी बाहेर आले आणि तुकोजीवर ओरडले. म्हटलं, हे ठिपके कुणाचे? तो बिचारा विडी लपवत म्हणाला, ‘गजाननभियाचे ना ताईजी. म्हणजे ठोकले त्यांनी. निशान तर तुमचंच होतं फरशीवर. तुम्ही धारला गेल्या होत्या ना? भियाने दुसरं काढायला सुरुवात केली, अर्धा दिवस डोकं खाजवलं, मग म्हणाले, अरे यार, हेच बराबर आहे. नि पंच उचलला.’

‘मग बाबांना का नाही सांगितलं?’

‘मला कुणी विचारलंच नाही.’

म्हणजे मी तुझ्यापासून पळायचं म्हणून माझ्याच खुणेपासून पळाले. माझी स्वतःची जागा सोडून भोकं पुढे घेतली, का, तर ती तुझी आहे म्हणून! हसावं की रडावं कळेना. तुकोजीने आधी पाणी दिलं, मग विडी पुढे केली.

पण तू, गजानन. तू तर जाणत होतास. बाबा तुझी पाठ थोपटत होते तेव्हा तू एक शब्द बोलला नाहीस. ‘हे शशीताईचं’ एवढे दोन शब्द. का? मी खूप विचार केला आणि मला एकच उत्तर सुचतं. तुलाही माझा हेवा वाटत होता. मी कितीही चुकले, तरी मी त्यांची मुलगी. तुला रोज काहीतरी करून दाखवून राहावं लागत होतं. म्हणून तू ते घेतलंस, आणि मग ते घेऊन पुण्याला गेलास, आणि दोन वर्षं तो स्क्रू उघडला नाहीस.

चोर आहेस. पण चोराने माल मोडला नाही, हे मी लिहून ठेवते.

जुनी भोकं बुजवतो आहोत. नवी खुणेवर पाडणार. माझ्या.

शशिकला

दसरा

चि. गजा,

खूप उशीर झालाय, पण हे आजच लिहायला हवं.

बाबांना मी परवा सांगितलं. सांगायची हिंमत कामाच्या आधी झाली नाही, काम पुरं झाल्यावर झाली. त्यांच्याजवळ ओट्यावर बसले आणि म्हटलं, ‘बाबा, मागच्या खेपेला मी खोटं बोलले. गजानन चुकला नव्हता. भोकं मी सरकवली होती. आता खुणेवर बसवलंय.’

ते चटकन सरळ बसले. चेहरा एकदम फुलला. ‘वाटलंच मला. पोरगं चुकायचं नाही!’ असं म्हणून टाळी वाजवली त्यांनी.

मी उठून जाणार होते. खरंच जाणार होते. पण कंपास आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, ‘स्क्रूच्या खाली बघा.’

त्यांची बोटं फिरली. रिबिनीवर थांबली. घडी मोजत असल्यासारखी हळूहळू दाबली. ‘ही तुझ्या वेणीची,’ ते म्हणाले. ‘निळी होती ना? आई मारवाड्याच्या दुकानातून आणायची.’ मग मला धरून गाडीपाशी न्यायला सांगितलं, आणि म्हातारा या वयात गुडघ्यावर बसून, धोतराची पर्वा न करता, कंपास घेऊन गाडीखाली गेला. मी बाहेरून बघत होते. आधी पुढचं टोक, मग मागचं. डावीकडे, मग उजवीकडे. बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस होतं.

‘चुकलो’ नाही, ‘शाबास’ नाही. हात धुतले, जेवले. चांगले जेवले.

आज सकाळी अवजारांची पूजा झाली. डॉक्टरबाई आल्या, स्टेअरिंगवर बसल्या. तुकोजी मागे चढला. मी ताट घेऊन फाटकात आले, सवयीने. बाबा काठी टेकत माझ्याजवळ आले, हात पुढे करून चाचपडत ताटाची कड शोधली आणि माझ्या हातातून ते काढून घेतलं.

म्हणाले, ‘चढ.’

मी म्हटलं, ‘आणि तुम्ही?’

‘कुणीतरी फाटकात राहायला लागतं ना?’ ते म्हणाले.

त्यांनी ओवाळलं. दिसत नाही म्हणून निरांजन जरा कलतं गेलं, कुंकू माझ्या नाकाला लागलं. तुकोजी मागून म्हणाला, ‘दादासाहेब, थोडं वर, थोडं वर.’ मी चढून बसले. गादीवर मागच्या खेपेचा कुंकवाचा डाग अजून होता, त्यावरच.

गाडी कशी चालली ते तुला सांगते आणि तू नीट जळ. धार रोडवर बाईंनी वेग घेतला. त्या बाभळीच्या अलीकडचा खड्डा आला. मी दोन्ही हातांनी पुढची दांडी धरली. चाक वर गेलं, खाली आलं, स्प्रिंगा श्वास घेतल्यासारख्या दबल्या, आणि गाडी सरळ. बाईंनी पुढच्या खड्ड्याला मुद्दाम हात सोडले, मी किंचाळले, गाडी सरळ. बेटम्याच्या पुढे सडक सोडून त्यांनी ज्वारीच्या कडेने ढेकळांत घातली. एक चाक बांधावर, एक चरात, आणि माझ्या ओच्यातली आपट्याची पानंसुद्धा सांडली नाहीत. बाई म्हणाल्या, ‘आता ती पोर आणता येईल बरं का.’ तुकोजी मागे झोपला होता. खरंच झोपला होता, तोंड उघडं टाकून.

पहिल्या फेरीला वळून हात हलवायचा असतो. मी तो निघतानाच हलवला. बाबांना दिसणार नव्हता, तरी हलवला. आणि मग मला तुझं आठवलं. तू वळून हात हलवायचास ते मला चिडवायला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या जागेवर बसल्यावर कळलं की तिथून फाटकातलं माणूस फार लहान दिसतं, आणि हात आपोआप वर जातो.

परत आलो तर बाबा तिथेच उभे होते. ताट हातात, निरांजन विझलेलं, पांढऱ्या मिशांवर सगळी धूळ. त्यांना बसा म्हणायला कुणी नव्हतं. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, ‘चक्का फिरला?’

मी म्हटलं, ‘नाही फिरला.’

‘मग ठीक,’ असं म्हणाले. ताट मात्र परत दिलं नाही, स्वतःच आत घेऊन गेले, आणि उंबऱ्याशी अडखळले तरी सोडलं नाही.

पाटीवर अजून तुझंच नाव आहे. रंगाऱ्याला बोलावलेलं नाही. ते तू आल्यावर भांडून ठरवू. ‘शशीताईस नमस्कार’ आता मी गाळणार नाही, तेव्हा जरा बऱ्या अक्षरात लिही. कंपासमधली रिबीन मी काढलेली नाही, तूही काढली नव्हतीस.

दिवाळीला ये. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुला स्टेशनवरून आणायला जीप पाठवतील. मी सोबत येईन. मागच्या बाकावर तुकोजीशेजारी ऐसपैस जागा आहे. पुढची मागू नकोस.

तुझी,
शशीताई